भरती शोधताना

शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे खाडीच्या तोंडावर जयगड आहे. जुना किल्ला, दीपगृह, गेल्या काही वर्षांत झालेले बंदर आणि वीजप्रकल्प, आणि पलीकडच्या तवसाळला नेणारी फेरीबोट. इथल्या मुलांना भरती-ओहोटी हा धडा म्हणून शिकवण्याआधीच ठाऊक असतो. होडी कधी सुटणार, तिसऱ्या कधी वेचायला जायचे, खाजणातल्या चिखलात निवटी कधी दिसतील, हे सगळे पाण्यावर ठरते.

या परिसरातल्या एका शाळेत नववीच्या मुलांबरोबर आम्ही दोन दिवस बसलो होतो. शाळेत चार टॅब्लेट होते. काही शिक्षकांनी आपले मोबाइल दिले. काम असे होते : प्रत्येकाने स्वतःला खरोखर पडलेला एक प्रश्न आणायचा आणि आंतरजालावर सर्वांसाठी खुल्या असलेल्या ग्रंथसंग्रहांतून त्याचे उत्तर शोधायचे. शिक्षकांनी किंवा आम्ही मध्ये बोलायचे नाही, फक्त पाहायचे.

एका मुलीचा प्रश्न होता : "माझे आजोबा पंचांगातली तिथी बघून भरतीची वेळ सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, की तेवढे वाजता भरती. असे का होते?"

प्रश्न उत्तम होता. तिने 'भरती' हा शब्द लिहिला. समोर आली पोलीस भरती, तलाठी भरती, बँकेतली भरती, अर्ज करण्याची अंतिम तारीख. मुले हसली. मग तिने 'जयगड भरती' असे लिहिले. त्यात पुन्हा नोकऱ्या, आणि जोडीला जयपूरजवळचा जयगढ किल्ला. मग एका संग्रहात शिरून तिने इंग्रजीत प्रयत्न केला. भरतीच्या लाटांच्या गणिती प्रारूपांवरचा एक प्रबंध सापडला, पण त्याचा फक्त गोषवारा दिसत होता. पूर्ण मजकूर पाहायला एखाद्या संस्थेचे सभासदत्व हवे होते. चाळीस मिनिटांनी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, कुठेच नाही. म्हणजे आजोबांचा नियम चुकीचाच असेल ना?"

हा लेख त्या वाक्यामुळे लिहावासा वाटला. उत्तर सापडले नाही एवढेच झाले असते तर फारसे बिघडले नसते. पण शोध घेण्याआधी या मुलीजवळ एक खरा नियम होता, आणि शोध संपताना त्यावरचा तिचा विश्वास उडाला होता. सामायिक ग्रंथसंग्रहांविषयी आपण शिक्षक मंडळी जे बोलतो, त्यात ही शक्यता कधी धरलेलीच नसते.

नियम काय सांगतो?

आधी आजोबांना न्याय देऊ. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात आणि त्यांत ३० तिथी असतात. या काळात सूर्याच्या मानाने चंद्र एक पूर्ण फेरा मागे पडतो, म्हणजे २४ तासांनी मागे पडतो. २४ तासांची १४४० मिनिटे. त्यांना ३० ने भागले की ४८ मिनिटे येतात. चंद्र दर तिथीला सुमारे ४८ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच उशिरा येते. आजोबा ४८ ऐवजी ४५ मिनिटे, म्हणजे पाऊण तास धरतात, कारण पाऊणपट तोंडी करता येते. दर तिथीला ३ मिनिटांची चूक होते. पंधराव्या तिथीपर्यंत ती ४५ मिनिटे होते. होडी काढणाऱ्या माणसाला एवढी चूक चालते.

यात आणखी एक गोष्ट आहे. मोजणी कोणत्या वेळेपासून सुरू करायची, हे प्रत्येक बंदरात थोडे निराळे असते, कारण किनाऱ्याचा आणि समुद्रतळाचा आकार भरतीला पुढेमागे करतो. म्हणून एका बंदराचा ठोकताळा दुसऱ्या बंदरात जसाच्या तसा लागू पडत नाही. पण नियमाचा गाभा पक्का आहे. त्यामागे चंद्राची गती आहे.

आता हे सारे सामायिक संग्रहांत नव्हते का? होते. मराठी विश्वकोशात भरती-ओहोटीची नोंद आहे आणि ती कोणालाही फुकट वाचता येते. बालभारतीच्या भूगोलात उधाणाची आणि भांगाची भरती आहे, आणि ती पुस्तकेही मंडळाच्या संकेतस्थळावर खुली आहेत. हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था किनाऱ्यावरच्या अनेक ठिकाणच्या भरतीच्या वेळांचे अंदाज देते. उत्तराचे तिन्ही तुकडे उपलब्ध होते. मुलीला एकही मिळाला नाही. 'सापडले नाही' आणि 'नाही' या दोन गोष्टींमधले अंतर तिला कोणी शिकवले नव्हते, आणि ते अंतर कमी करण्याची सोयही संग्रहात नव्हती.

मोजायचे काय?

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांचा आशय असा, की ग्रंथ वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळायला हवा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळायला हवा, वाचकाचा वेळ वाचायला हवा, आणि ग्रंथालय हे वाढत राहणारे असते. या पाचांत 'ग्रंथ किती आहेत' हा प्रश्न कुठेही नाही. आपले अंकीय संग्रह मात्र प्रथम आपली संख्या सांगतात.

भारतीय राष्ट्रीय अंकीय ग्रंथालयाचेच पाहू. शिक्षण मंत्रालयाच्या पाठबळावर खरगपूरच्या आयआयटीने ते उभारले आणि १९ जून २०१८ रोजी ते देशाला अर्पण झाले. देशभरातल्या संस्थांच्या संग्रहांत एकाच खिडकीतून शोध घेता यावा, ही त्यामागची कल्पना थोर आहे. शोधताना इयत्तेची पातळी, विषय, भाषा असे निकष लावता येतात. अशी सोय आपल्याकडे पूर्वी कधीच नव्हती. पण शिक्षकाने त्याची रचना समजून घेतली पाहिजे. हे ग्रंथालय प्रामुख्याने ग्रंथांची वर्णने एकत्र करते. ग्रंथ स्वतः अनेकदा मूळ संस्थेकडेच असतो, आणि त्या संस्थेचे दार उघडे असेलच असे नाही. 'सूचीत आहे' याचा अर्थ 'हातात आहे' असा नव्हे. संशोधकाला हा फरक सवयीने माहीत असतो. नववीतला विद्यार्थी मात्र बंद दारापाशी येतो आणि आपलेच काहीतरी चुकले असे समजतो.

संशोधकांचे सांगायचे तर आमच्यासाठी दारे उघडण्याची व्यवस्था झाली आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये ठेवले आणि सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली केली. शाळा त्यात नाहीत. शाळेला १३,००० संशोधनपत्रिका नकोच आहेत, हे खरे. पण तिला जे हवे आहे त्याचा विचार तितक्याच गांभीर्याने झाला आहे का, हे विचारणे गैर नाही.

मुलांसाठी म्हणून २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात स्वतंत्र राष्ट्रीय अंकीय ग्रंथालयाची घोषणा झाली. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या सहभागाने ते 'राष्ट्रीय ई-पुस्तकालय' या नावाने सुरू झाले. त्यात वयोगटांनुसार पुस्तके मांडली आहेत. ही दिशा योग्य आहे. त्याच घोषणेत पंचायत आणि प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये उभारायला राज्यांना प्रोत्साहन देण्याची गोष्टही होती. आमच्या मते घोषणेचा हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा होता. त्याची चर्चा कमी होते.

'कसली भरती?'

रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. अशा जुन्या वाचनालयात जाऊन कोणी 'भरतीवर काही आहे का?' असे विचारले, तर मेजामागचा माणूस पहिल्यांदा विचारील, "कसली भरती?" या दोन शब्दांत ग्रंथपालाचे निम्मे काम असते. यंत्र हा प्रश्न सहसा विचारत नाही. त्या शब्दाचा जो अर्थ बहुसंख्य लोक शोधतात तोच पुढे करते. बहुसंख्य लोक नोकरी शोधत असतात, म्हणून जयगडच्या मुलीलाही नोकऱ्याच दाखवल्या जातात.

मराठी सामग्रीच्या बाबतीत ही अडचण आणखी खोल आहे. तिची कारणे शिक्षकांनी समजून घेतली, तर मुलांना मदत करणे सोपे जाईल.

पहिले कारण छायाचित्रांचे. जुनी पुस्तके बहुधा पानांची चित्रे काढून साठवलेली असतात. डोळ्याला अक्षरे दिसतात, यंत्राला मात्र ते नुसते काळेपांढरे ठिपके असतात. अक्षरे ओळखण्याची तंत्रे देवनागरीसाठीही आता बरीच सुधारली आहेत, परंतु जोडाक्षरे, फिकट शाई आणि वाकडी पाने यांपुढे ती अजून चुकतात.

दुसरे कारण फाँटचे. देवनागरीसाठी युनिकोड १९९१ पासून आहे. तरीही मराठी छपाईत कित्येक वर्षे निराळेच फाँट वापरले गेले. त्यांत दिसायला 'क' असतो, पण यंत्रात त्या जागी एखादे रोमन अक्षर साठवलेले असते. अशा फाइलमध्ये 'भरती' शोधली तर ती कधीच सापडणार नाही, मग पान भरतीच्या वर्णनाने भरलेले का असेना.

तिसरे कारण नावांचे. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या २००० च्या दशकातल्या मोठ्या प्रकल्पात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने लाखो पुस्तके स्कॅन झाली. ते संकेतस्थळ आता चालू नाही. त्यातल्या पुष्कळ पुस्तकांच्या प्रती 'इंटरनेट आर्काइव्ह' या परदेशी संग्रहात टिकल्या, हे आपले सुदैव. पण तिथे मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने लिहिलेली आढळतात. खुद्द जयगडचे नाव इंग्रजीत कधी आय घालून, कधी वाय घालून, तर कधी शेवटी आरएच जोडून लिहितात. १८८० सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधल्या रत्नागिरीच्या खंडात या गावाची माहिती आहे आणि तो खंड आज आंतरजालावर वाचता येतो. पण कोणत्या स्पेलिंगने शोधायचे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो भेटतो.

चौथे कारण खुद्द भाषेचे. मुलगी 'उधाण' म्हणते. पाठ्यपुस्तक 'उधाणाची भरती' म्हणते. इंग्रजी लेख 'स्प्रिंग टाइड' म्हणतो, आणि त्यातला 'स्प्रिंग' म्हणजे वसंत ऋतू की लोखंडी स्प्रिंग, असा नवाच गोंधळ होतो. एकाच गोष्टीची ही तीन नावे आहेत. छापील सूचीत यासाठी 'पाहा' असे लिहिलेले कार्ड असे. 'उधाण : पाहा भरती-ओहोटी.' अंकीय संग्रहांत अशी कार्डे करणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. ती करायला आपली बोली जाणणारा माणूस मात्र लागतो.

खुले म्हणजे बहुधा जुने

विज्ञानशिक्षकांनी आणखी एका बाबतीत सावध राहायला हवे. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतात. साने गुरुजी १९५० मध्ये वारले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले झाले. साहित्याच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट आहे. विज्ञानाच्या बाबतीत मात्र याचा अर्थ असा होतो, की कायद्याने आपोआप खुली झालेली बहुतेक पुस्तके साठसत्तर वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी असतात. १९५३ पूर्वीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात डीएनएची रचना नसणार. १९६० च्या आधीच्या भूगोलात भूपट्ट नसणार. २००६ पूर्वीच्या खगोलाच्या पुस्तकात नऊ ग्रह असणार. पडद्यावर मात्र ही सारी पुस्तके सारखीच ताजी दिसतात. छापील पुस्तकाचे पिवळे पान आणि वाळवीची भोके वाचकाला सावध करीत असत. तो इशारा इथे नसतो.

जुनी पुस्तके टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही. भरतीचे गणित शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही बरोबरच सापडेल. पण पुस्तकाचे वर्ष पाहण्याची सवय मुलांना लावावी लागेल. ती सवय आपोआप लागत नाही.

वाटेचा खर्च

आता थोडा हिशेब करू. तीनशे पानांचे मराठी पुस्तक घ्या. पानावर साधारण दोन हजार अक्षरचिन्हे धरली, तर एकूण सहा लाख होतात. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे सगळे पुस्तक सुमारे १.८ मेगाबाइटांत मावते. तेच पुस्तक चित्रांच्या रूपात असेल आणि पानामागे दीडशे किलोबाइट धरले, तर ते ४५ मेगाबाइटांचे होते. पंचवीसपट. चाळीस मुलांनी ते वेगवेगळे उतरवले तर १८०० मेगाबाइट होतात. अनेकांच्या मोबाइलला दिवसाकाठी मिळते त्याहून हे अधिक आहे, आणि खाडीकाठच्या वाडीत सिग्नल धड असेल तरच ते येणार. मुलीला हवे होते एक पान.

म्हणून संग्रह खुला आहे की नाही एवढे विचारून भागत नाही. पानापुरते पान मिळते का, नोंदणी न करता मिळते का, एकदा उतरवून शाळेत सर्वांना वाटता येते का, हे विचारले पाहिजे. यातला शेवटचा प्रश्न परवान्याचा आहे. 'क्रिएटिव्ह कॉमन्स'सारख्या परवान्याखालील साहित्य परवान्याच्या अटी पाळून प्रत करून वाटता येते. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि 'किविक्स'सारख्या साधनाने तो शाळेतल्या एका संगणकावर ठेवून जाळ्याशिवाय वाचता येतो. बाकी पुष्कळ संग्रह फक्त पाहण्यापुरते खुले आहेत, शाळेत ठेवण्यापुरते नाहीत.

जे चांगले आहे

आमची टीका एकांगी वाटू नये म्हणून हेही सांगायला हवे, की त्या दोन दिवसांत मुलांना जे खरोखर उपयोगी पडले ते लहान आणि निवडक संग्रह होते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तके आणि टाकाऊतून करायची खेळणी पाहून दोन मुलांनी लगेच काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब जमवली. 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'मध्ये वाचनाच्या पातळ्या दिलेल्या आहेत. त्यामुळे वाचनात मागे असलेल्या मुलालाही हातात धरता येईल असे काही मिळाले. तिथे कोणालाही भाषांतर करता येते, म्हणून सगळ्या भाषांतरांचा कस सारखा नाही. शिक्षकाने आधी वाचून निवड करावी.

विश्वकोशाची गोष्ट थोडी निराळी आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला हे काम उभे राहिले आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. मराठीत एवढा विश्वसनीय विज्ञानमजकूर एका जागी दुसरीकडे नाही. पण त्याची भाषा नववीच्या मुलाला जड जाते, आणि अनेक नोंदी कित्येक दशकांपूर्वी लिहिलेल्या आहेत. विश्वकोश मुलाच्या हाती एकट्याने देऊ नये. शिक्षकाने शेजारी बसून एक परिच्छेद वाचावा. मग तो उलगडतो.

'दीक्षा' २०१७ मध्ये सुरू झाली. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून थेट त्या धड्याच्या साहित्यावर जाता येते. शोधण्याचा त्रासच नाही. पण ही सोय पाठ्यपुस्तकाने विचारलेल्या प्रश्नाची आहे, मुलाला पडलेल्या प्रश्नाची नाही. पाऊणपटीच्या नियमाला कोणताही कोड नाही.

काही शिक्षकांनी आम्हांला विचारले, की आता प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी यंत्रे आली आहेत, मग संग्रह हवेतच कशाला? त्यांचा उपयोग आहे. 'कसली भरती?' हेदेखील ती काही वेळा विचारतात. पण त्यांचे उत्तर कोणी, केव्हा, कशावरून सांगितले, हे नेहमी कळत नाही, आणि चुकीचे उत्तरही ती तितक्याच ठामपणे देतात. विद्यार्थ्याला मूळ पानापर्यंत जाता आले पाहिजे, म्हणजे त्याला उत्तर तपासता येईल. विज्ञान शिकवणाऱ्यांनी तरी हा आग्रह सोडू नये.

शाळेत काय करता येईल

लहान शाळेत पूर्णवेळ ग्रंथपाल क्वचितच असतो. तेव्हा हे काम विज्ञान किंवा भाषेच्या शिक्षकाकडेच येते. त्यांच्यावर नवे ओझे न टाकता चार गोष्टी करता येतील असे आम्हांला वाटते.

वर्गात एक शब्दवही ठेवावी. तिच्यात प्रत्येक गोष्टीची तीन नावे लिहावीत : घरचे, पुस्तकातले आणि इंग्रजी. उधाण, उधाणाची भरती, स्प्रिंग टाइड. भांग, भांगाची भरती, नीप टाइड. निवटी आणि मडस्किपर. मुले घरून शब्द आणतील, शिक्षक पुस्तकातला शब्द जोडतील. वर्षभरात गावाची स्वतःची सूची तयार होईल.

शोध सुरू करण्याआधी मुलाला एकच प्रश्न विचारावा : कसली? कसली भरती, कुठला जयगड, कोणत्या प्रकारचा मासा? याचे उत्तर देताना मूल आपोआप दुसरा शब्द जोडते आणि निम्मा गोंधळ मिटतो.

मिळालेल्या प्रत्येक पानाबरोबर तीन गोष्टी वहीत लिहायला लावाव्यात : कोणी लिहिले, कोणत्या वर्षी, आणि कुठे मिळाले. काही सापडले नाही तर 'उत्तर नाही' असे न लिहिता 'या शब्दांनी, या ठिकाणी सापडले नाही' असे लिहावे. हे वाक्य लांब आहे, पण खरे आहे.

आणि दर महिन्याला शाळेने आपली पाचदहा पाने निवडून, परवाना पाहून, शाळेतल्याच संगणकावर ठेवावीत. कोट्यवधींच्या सूचीपेक्षा शिक्षकाने वाचलेली पन्नास पाने वर्गाला अधिक उपयोगी पडतील.

संग्रह चालवणाऱ्यांकडेही आमचे मागणे आहे. शाळांना चुकीचे शीर्षक दुरुस्त करण्याची, बोलीतला शब्द जोडण्याची वाट ठेवा. रत्नागिरीतल्या शिक्षकाला 'उधाण' म्हणजे काय हे माहीत आहे. ते ज्ञान सूचीत घ्यायला खर्च फारसा येणार नाही. आणि वर्षअखेरीच्या अहवालात किती ग्रंथ जोडले याबरोबरच किती शोध रिकामे परतले, हेही छापा. ज्या शब्दांना काहीच सापडले नाही त्या शब्दांची यादी हीच पुढच्या वर्षीच्या कामाची यादी ठरेल.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला आम्ही उत्तर सांगितले नाही. विश्वकोशातला एक परिच्छेद, भूगोलाच्या पुस्तकातली आकृती आणि एका महिन्याच्या भरतीच्या वेळा, एवढी तीन पाने तिच्यापुढे ठेवली आणि शेजारी पंचांग ठेवले. विश्वकोशातला परिच्छेद तिच्या शिक्षकांनी तिच्याबरोबर वाचला. भागाकार तिने स्वतः केला. ४८ आले तेव्हा ती थबकली, कारण आजोबांचे ४५ होते. वेळांच्या तक्त्याशी ताडून पाहताना पौर्णिमेच्या सुमारास फरक वाढत जातो, हेही तिच्या लक्षात आले.

मग तिने विचारले, "सर, अमावास्या आणि पौर्णिमा झाली की आजोबा पुन्हा एकपासून मोजतात. म्हणून त्यांची चूक पाऊण तासाच्या पुढे जातच नाही का?"

आम्हांला हे सुचले नव्हते. पक्ष बदलला की मोजणी नव्याने सुरू होते आणि साठलेली चूक तिथेच टाकून दिली जाते. कोणत्याही संग्रहात हे वाक्य आम्हांला अजून भेटलेले नाही. शाळेने आता जेटीवर महिनाभर भरतीच्या वेळा टिपून जयगडची स्वतःची सुरुवातीची वेळ काढायचे ठरवले आहे. तो तक्ता तयार झाला की तो ठेवायला सामायिक संग्रहात जागा आहे का, हे आम्ही संग्रह चालवणाऱ्यांना विचारणार आहोत.